आठ मिलिमीटरचं अंतर

१

गुरुवारी सकाळी वर्तकबाई ओट्यावर अळूची पानं निवडत बसल्या होत्या. आलोशियस तुस्कानो फाटक ढकलून आत आला आणि त्यांच्या पुढ्यात एक पाकीट ठेवून उभा राहिला. पन्नाशी ओलांडलेला माणूस, पण बाईंसमोर तो अजूनही गृहपाठ विसरलेल्या पोरासारखाच उभा राहायचा. माणिकपूरच्या शाळेत बाईंनी छत्तीस वर्षं शास्त्र शिकवलं, त्यातल्या पहिल्याच तुकडीतला हा. निवृत्त होऊन बाईंना दोन वर्षं झाली होती, तरी आलोशियसला मराठीत काही अर्जबिर्ज लिहायचा झाला की तो आधी त्यांच्याकडून तपासून घ्यायचा.

"शुद्धलेखन तेवढं बघा, बाई. सोमवारी द्यायचंय," तो म्हणाला.

बाईंनी चष्मा चढवला आणि दुसऱ्याच ओळीला त्यांचे हात थांबले. पत्र वसई पोलिसांच्या नावे होतं. भुईगावच्या मालन म्हात्रे हिला विजेचा जो धक्का बसला, त्याला मी केलेली सर्किट बोर्डाची रचना जबाबदार आहे, दोष माझा एकट्याचा आहे, दुसऱ्या कोणाला त्रास देऊ नये, असं त्यात वळणदार अक्षरात लिहिलं होतं. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, आणि त्याचाच बाईंना जास्त राग आला.

मालनलाही बाईंनीच शिकवलं होतं. त्यांनी आलोशियसला खाली बसवलं, पाणी दिलं आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं.

प्रकार असा होता. माणिकपूरला वॉल्टर लोपीसची एक पत्र्याची शेड होती. तिथे विहिरीच्या पंपासाठी एक डबा बनायचा. टाकी रिकामी झाली की तो पंप आपोआप चालू करायचा आणि भरली की बंद. टाकीत दोन सळया सोडलेल्या असत, त्यांत बारा व्होल्ट, म्हणजे मुंगी चावल्याइतकंही कळणार नाही. पण डब्यातल्या बोर्डावर एका बाजूला हे बारा व्होल्ट आणि दुसऱ्या बाजूला पंपाचे दोनशे तीस. या दोघांची गाठ पडू द्यायची नाही, एवढंच आलोशियसचं काम. मुंबईत वीस वर्षं हेच काम करून तो वॉल्टरकडे आला होता. मेपासून वसईतल्या वाड्यांमध्ये एकशे चाळीस डबे बसले. आणि गेल्या रविवारी, श्रावणात, मालन टाकीतलं शेवाळ काढायला गेली, तिचा हात सळीला लागला आणि ती फेकली गेली. जीव वाचला, पण उजव्या हाताची दोन बोटं अजून वळत नव्हती. तिचे सासरे विठ्ठल म्हात्रे सोमवारी तक्रार देणार होते.

"दोन बाजूंमध्ये मी आठ मिलिमीटर मोकळे सोडतो," आलोशियस म्हणाला. "वीज हवेतून उडी मारते, ती अडवायला कमी अंतर पुरतं. पण ती बोर्डाच्या अंगावरून सरपटतही जाते. तिथे धूळ बसते, ओल बसते, म्हणून जास्त सोडावं लागतं. पण बाई, मी नकाशा दुप्पट आकारात काढतो. सोळा काढले की बोर्डावर आठ येतात. त्या दिवशी माझ्या हातून आठच काढले गेले असतील. म्हणजे बोर्डावर चारच."

"मोजलंस?"

त्याने मोजलं नव्हतं. मोजायची हिंमत होत नव्हती. चार निघाले तर उरलेल्या एकशे एकोणचाळीस घरांत काय टांगून ठेवलंय, हा विचार त्याला झोपू देत नव्हता. पुन्हा म्हणून पेन्सिल हातात धरणार नाही, असं त्याने बायकोला सांगून टाकलं होतं.

बाईंनी पत्राची घडी घातली आणि आपल्या चोळीच्या कापडांच्या डब्यात ठेवून दिली. "न मोजता कबुली देणाऱ्याला मी वर्गातून बाहेर काढत होते," त्या म्हणाल्या आणि पायांत चपला सरकवल्या.

२

भुईगावात म्हात्र्यांची केळीची वाडी रस्त्यापासून आत होती. विठ्ठल म्हात्रे उंच, अबोल, आणि रागावले की आणखी अबोल. त्यांनी तो डबा भिंतीवरून उतरवून कपाटात कुलूपबंद केला होता. आधी त्यांनी ठाम नकार दिला. सुनेचा जीव जाता जाता राहिला, आता कारखानदाराच्या वतीने कोणी मास्तरीणबाई आल्या म्हणून मी पुरावा दाखवू काय, असा त्यांचा सूर होता. बाईंनी वाद घातला नाही. आलोशियस जेवढा माझा, तेवढीच मालनही माझी, आणि तिला कोणी इजा केली ते मला तुमच्या आधी कळायला हवं, एवढंच त्यांनी सांगितलं. विठ्ठलरावांनी किल्ली काढली.

मालन आतल्या खोलीच्या दारात उभी होती. हाताला पट्टी, चेहऱ्यावर कसनुसं हसू. शाळेत ही पोर बडबडी म्हणून बाईंनी कितीदा बाकावर उभी केली असेल. आता विचारलं तेवढंच बोलत होती, तेही हळू. दोन वर्षं झाली होती लग्नाला. बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला तर ती त्या हाताला अशी टेकली, की बाईंना काढून घेववेना.

डबा उघडला. बाईंनी शाळेतून मागून आणलेली मोजपट्टी लावली, जी दोन जबड्यांत वस्तू धरून मिलिमीटरचाही दहावा भाग दाखवते. एकदा मोजलं, दोनदा मोजलं, जागा बदलून तिसऱ्यांदा मोजलं.

आठ. पुरे आठ.

बाईंच्या छातीवरचं ओझं उतरलं खरं, पण क्षणभरच. कारण त्या आठ मिलिमीटरच्या मोकळ्या पट्ट्यावर, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, एक काळपट तपकिरी रेघ होती. वीज तिथूनच गेली होती, आपला जळका माग ठेवून. बाईंनी भिंग धरलं. बोर्डावर ओल बसू नये म्हणून लाखेसारखा चकचकीत लेप दिलेला असतो. रेघेवर त्यांनी नख फिरवलं. नख गुळगुळीत सरकलं.

रेघ लेपाच्या वर नव्हती. लेपाच्या खाली होती.

३

आता यात एवढं दचकण्यासारखं काय, असं वाटेल. पण बाईंचं डोकं तिथेच पळायला लागलं. समुद्राची खारी हवा, वाडीतली धूळ, पालीचं शेपूट, जे काही या घरात बोर्डावर बसलं असतं, ते लेपाच्या वर बसलं असतं. खाली जे गेलं, ते लेप देण्याआधी गेलं होतं. रविवारी दुपारी परत आणून देते, या शब्दावर त्यांनी बोर्ड मागून घेतला.

तरी एकही वाट न तपासता सोडायची नाही, हा त्यांचा नियम. शुक्रवारी त्यांनी डबे बसवणाऱ्या बर्नार्डला गाठलं. बर्नार्ड म्हणजे चालतंबोलतं प्रकरण, सायकलवर शिडी आणि तोंडात सतत शीळ. या वेळी मात्र शीळ बंद होती. सगळं गाव आपल्याकडेच बोट दाखवतंय, हे त्याला कळत होतं. फेज आणि न्यूट्रल उलटे जोडले नाहीत, हे त्याने बाईंना वाडीत नेऊन टेस्टर लावून दाखवलं. अर्थिंगही दाखवलं.

"खड्ड्यात मीठ आणि कोळसा, दोन्ही भरपूर घातलंय, बाई," तो म्हणाला. "मीठ ओल धरून ठेवतं. कोरड्या मातीतून वीज जातच नाही, मीठ असलं की बरोबर वाट सापडते तिला."

बाईंनी त्याला शाबासकी दिली आणि शेडकडे निघाल्या.

वॉल्टर लोपीस त्यांना बघून उठून उभा राहिला. त्याने स्वतःच चाचणीची वही पुढे केली. प्रत्येक बोर्डाला दोन्ही बाजूंच्या मध्ये दीड हजार व्होल्ट लावून एक मिनिट ठेवायचं, कुठे झिरपलं नाही तरच डब्यात घालायचं, हा आलोशियसचा दंडक. म्हात्र्यांचा बोर्ड सदतीस नंबरचा, तारीख मे महिन्यातली, शेरा ठीक. वही खोटी नव्हती, कारण त्याच पानावर एकेचाळीस आणि त्रेपन्न नापास लिहिले होते, आणि ते दोन्ही बोर्ड वॉल्टर खिडकीत ठेवून बसला होता. चाचणी चुकवणारा माणूस नापास बोर्ड असे मिरवत नाही.

म्हणजे मेमध्ये दीड हजार सोसले आणि श्रावणात दोनशे तीस सोसवले नाहीत. बाई शेडच्या दारात उभ्या राहून विचार करत राहिल्या. वसईत श्रावण आला की भिजतं काय आणि मेमध्ये कोरडं ठणठणीत असतं काय? हे तर कुठल्याही बाईला स्वयंपाकघरात बसून सांगता येईल.

मिठाची बरणी.

वॉल्टरला त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला. तारांना डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून झाल्यावर, लेप देण्याआधी बोर्ड कोणाच्या हातात असतो? डाग देणाऱ्या चार मुली होत्या, पण साफ करून लेप देण्याचं नाजूक काम एकटीच करायची. मटिल्डा.

तीही बाईंचीच विद्यार्थिनी. मटिल्डा आणि मालन आठवीपासून अकरावीपर्यंत एका बाकावर बसत होत्या.

४

शनिवारी शाळेच्या प्रयोगशाळेत बाईंनी खिडकीशी टेबल ओढलं. नव्या शास्त्रशिक्षिका कौतुकाने बघत उभ्या होत्या.

बोर्ड उन्हात तिरपा धरला, तेव्हा बाईंना गुरुवारी न दिसलेली गोष्ट दिसली. जळक्या रेघेला छेदून जाणारी आणखी एक रेघ होती. ती आठ मिलिमीटरच्या पट्ट्यातून लांबीला गेली होती, दोन्ही काठांना न शिवता, म्हणून तिच्यातून वीज गेली नव्हती आणि ती जळलीही नव्हती. लेपाखाली नुसता धुरकट पांढुरका माग. त्यांनी ब्लेडने तिथला लेप सोलला, ऊर्ध्वपातित पाण्याचे दोन थेंब फिरवले, ते पाणी परीक्षानळीत उतरवलं आणि वरून सिल्व्हर नायट्रेट सोडलं. नळीत दुधासारखं पांढरं झालं. शेडमधून आणलेल्या दुसऱ्या बोर्डावर हेच केलं. पाणी नितळ राहिलं.

मीठच होतं. हाताचा घाम असता तर ठसे उमटले असते, डाग पडले असते. घाम सरळ रेघा ओढत नाही, आणि एक उभी, एक आडवी अशा तर मुळीच नाही. हे कोणीतरी ओल्या बोटाने, मुद्दाम, सावकाश काढलं होतं.

"हे काय चिन्ह आहे, बाई?" शिक्षिकेने विचारलं.

बाईंना केव्हाच कळलं होतं. तो क्रूस होता.

५

इथे बाईंचं पाऊल अडलं, हे सांगायला हवं. कोडं सुटल्याचा आनंद वगैरे काही त्यांना झाला नाही. गप्प बसावं तर आलोशियस न केलेल्या चुकीखाली आयुष्यभर दबणार. बोलावं तर त्या पोरीला काय सांगायचं? घरी येऊन त्यांनी चहा केला आणि तो तसाच निवू दिला. मग उठून शेड सुटायच्या वेळेला माणिकपूरला गेल्या.

मटिल्डा बाहेर आली आणि बाईंना बघून तिचा चेहरा फुलला. दोघी चर्चच्या बाजूच्या भिंतीच्या सावलीत बसल्या. बाईंनी आडवळण घेतलं नाही. सदतीस नंबरच्या बोर्डावर तू क्रूस काढलास का, एवढंच विचारलं.

मटिल्डा लाजली. वॉल्टरसर रागावतील म्हणून कुणाला बोलले नाही, म्हणाली. प्रत्येक बोर्डाच्या डब्यावर गिऱ्हाइकाचं नाव आधीच चिकटवलेलं असायचं, त्यात मालनच्या सासऱ्यांचं नाव दिसलं. त्याआधी आठच दिवस मालन तिला वसईच्या बाजारात भेटली होती आणि भाजीच्या टोपल्यांमध्ये उभी राहून रडली होती. सासरी कोणी छळत नाही, कोणी टाकून बोलत नाही, पण कोणी बोलतच नाही, आणि मूल होत नाही म्हणून आता कोणी बघतही नाही, असं म्हणाली होती. मटिल्डाकडे तिला देण्यासारखं काय होतं? घरी आजीची पवित्र पाण्याची बाटली होती. पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या सणाला चर्चमधून आणलेल्या त्या पाण्यात आजी आशीर्वादित मीठ मूठभर घालायची, म्हणजे पाणी वर्षभर टिकतं आणि दृष्टही लागत नाही. मटिल्डाने त्यात बोट बुडवून तीन वेळा क्रूस गिरवला, प्रत्येक वेळी वाळू दिला, आणि वर लेप दिला, की तो कधी पुसला जाऊ नये.

"किती बोर्डांवर काढलास?"

"एकाच, बाई. माझी मैत्रीण एकच आहे."

बाईंनी तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि सांगितलं. मीठ, श्रावण, ओल, जळकी रेघ. सगळं सांगितलं, एकही शब्द कमी न करता आणि एकही कठोर शब्द न वापरता. मटिल्डाने विचारलं, की मालनची बोटं पुन्हा वळतील ना. डॉक्टर वळतील म्हणतात, असं बाई म्हणाल्या, आणि मग त्या दोघी मिळून रडल्या. छत्तीस वर्षांच्या नोकरीत विद्यार्थ्यासमोर न रडलेल्या वर्तकबाई भर रस्त्यावर रडल्या आणि त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

तुझं नाव मी घेणार नाही, असं त्यांनी उठताना तिला वचन दिलं.

६

रविवारी दुपारी म्हात्र्यांच्या ओटीवर सगळे जमले. विठ्ठलराव खुर्चीत, मालन दारात, समोर बाकावर वॉल्टर, बर्नार्ड आणि आलोशियस. आलोशियस तर शिक्षा ऐकायला आल्यासारखा हात जुळवून बसला होता. मटिल्डाला कोणी बोलावलं नव्हतं, पण ती आली आणि खांबाशी उभी राहिली.

बाईंनी बोर्ड मध्ये ठेवला आणि एकेकाला मोकळं केलं. बर्नार्डची जोडणी बरोबर. वॉल्टरची चाचणी खरी, पण मेमध्ये मीठ कोरडं असतं, आणि कोरड्या मिठातून वीज वाहत नाही. श्रावणात पातळ लेपातून हळूहळू ओल शिरली आणि ते ओलावलं. ओल्या मिठातून आधी थेंबभर वीज झिरपली, झिरपता झिरपता तिने वाट जाळली, जळून कोळसा झाला, आणि कोळशावरून ती खुशाल सळीपर्यंत गेली. "आणि आलोशियसने सोडलेलं अंतर आठ मिलिमीटर आहे," बाई म्हणाल्या. "मी तीनदा मोजलंय. त्याची चूक नाही."

आलोशियसने मान वर केली.

विठ्ठलरावांनी संथपणे विचारलं, "मीठ कोणी लावलं?"

लावणाऱ्याच्या मनात वाईट नव्हतं, नाव मी सांगणार नाही, बाई म्हणाल्या. सांगावं लागेल, विठ्ठलराव म्हणाले, नाहीतर उद्या पोलीस विचारतील. बाईंनी मानेनेच नकार दिला. विठ्ठलराव खुर्चीतून उठले.

"मी लावलं," मटिल्डा खांबापासून पुढे आली. "पवित्र पाण्याने क्रूस काढला. मालनसाठी. तिचं भलं व्हावं म्हणून."

आपल्या घरात, आपल्याला न विचारता, असं काहीतरी विठ्ठलरावांच्या ओठांवर आलेलं सगळ्यांना दिसत होतं. पण ते शब्द बाहेर पडायच्या आधी मालन उंबरठा ओलांडून ओटीवर आली. सासऱ्यांसमोर ती अशी कधी आली नव्हती.

"मामंजी, या घरात आल्यापासून माझ्यासाठी कोणी देवाकडे काही मागितलं असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं," ती म्हणाली. "तिने मागितलं. हात दुखतोय तो दुखू दे. तिला काही बोलू नका."

एवढं बोलून तिने डावा हात पुढे केला आणि मटिल्डाला जवळ ओढलं. विठ्ठलराव तसेच उभे राहिले. सुनेने केलेली तक्रार ही पोलिसांत देण्यासारखी नव्हती आणि तिला उत्तरही नव्हतं, हे त्या अबोल माणसाला पुरतं उमगलं असावं. ते दोन पावलं पुढे आले, मालनच्या पट्टीकडे बघितलं आणि त्यांनी विचारलं, की आज ठणका कमी आहे का. कमी आहे, ती म्हणाली. सासूबाई आतून पदर डोळ्यांना लावत बाहेर आल्या आणि त्यांनी दोघी पोरींना बसायला चटई टाकली.

मग विठ्ठलराव आलोशियसकडे वळले. उद्या पोलिसांत जायचं कारण राहिलं नाही, त्यांनी सांगितलं. पण भिंत रिकामी आहे आणि टाकी भरायला लागतेच. नवा डबा कोण करून देणार? आणि तो लावला तर पुन्हा असं होणार नाही, याची खात्री कोण देणार?

सगळे आलोशियसकडे बघायला लागले. चार दिवस ज्याने पेन्सिलीचं नाव काढलं नव्हतं, तो माणूस त्या बोर्डाकडे, त्यावरच्या जळक्या रेघेकडे टक लावून बघत होता.

"माझं माप बरोबर होतं," तो हळूहळू म्हणाला, जणू स्वतःलाच समजावत होता. "पण मी धूळ हिशेबात धरली, ओल धरली, पाल धरली. माणूस मायेनं हात लावेल, ते धरलं नव्हतं. ते धरायला हवं. विठ्ठलराव, मी दोन्ही बाजूंच्या मध्ये आरपार खाच कापतो. खाली बोर्डच नसेल, तर बोट कुठे फिरणार? क्रूस काढा, कुंकू लावा, रेघ खाचेपाशी थांबेल."

"सगळ्यांच्याच डब्यांत?" बाईंनी विचारलं.

"सगळ्यांच्याच," आलोशियस म्हणाला. त्याने खिसे चाचपले, मग ओशाळून इकडेतिकडे बघितलं. "कुणाकडे कागद-पेन्सिल आहे का?"

विठ्ठल म्हात्रे स्वतः घरात पेन्सिल शोधायला गेले.